चौदा वर्षांखालील

“मी हात देणार नाही,” ती मुलगी म्हणाली आणि दोन्ही हात खुर्चीच्या पाठीमागे नेऊन बसली.

क्ष-किरणांना घाबरणारी माणसे माझ्या क्लिनिकमध्ये रोज येत, आणि त्यांची भीती मी ओळखत असे. कुणी यंत्राच्या आवाजाला भितो, कुणी पोटातल्या गाठीला. अशी माणसे यंत्राकडे टक लावून पाहतात. ही मुलगी यंत्राकडे पाहतच नव्हती. तिचे सगळे लक्ष दाराकडे होते.

तिचे नाव प्रांजल डुंबरे. जुन्नरच्या बाजूची. सांगितलेले वय तेरा. त्या आठवड्यात नाशिकच्या क्रीडासंकुलात मुलामुलींच्या राष्ट्रीय क्लायंबिंग स्पर्धा चालल्या होत्या, आणि चौदा वर्षांखालील मुलींच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या आठ जणींत ती होती. फेरी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. तिच्या शेजारी तिचे मामा आणि प्रशिक्षक दत्ता लांडे बसले होते. कांद्याच्या रिकाम्या चाळीत प्लायवूड ठोकून त्यांनी गावातल्या मुलांसाठी चढायची भिंत केली होती, हे मला त्यांनी आल्या आल्या सांगितले होते. समोर उभे होते श्रीनिवास घारपुरे, महासंघाच्या कुमार गट समितीचे सचिव. या दोघांना स्वतःच्या गाडीत घालून त्यांनीच माझ्याकडे आणले होते.

त्याच्या दोन वर्षे आधी घारपुऱ्यांनीच मला समितीच्या वयनिश्चिती मंडळावर घेतले होते. “तुम्हाला क्लायंबिंगमधलं काहीही कळत नाही, मंजिरीताई,” ते म्हणाले होते. “एवढी पात्रता माझ्या माहितीत दुसऱ्या कुणाकडे नाही.” या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. मला क्लायंबिंगमधले थोडेफार कळू लागले आहे, आणि मंडळावरून मी निवृत्तही झाले आहे.

प्रकरण असे होते. दुसऱ्या एका राज्याच्या संघ-व्यवस्थापकाने तक्रार केली होती की ही मुलगी निदान सोळा वर्षांची आहे. पुरावा म्हणून त्याने तिच्या उजव्या हाताकडे बोट दाखवले होते: ही जाडजूड बोटे तेरा वर्षांच्या मुलीची असूच शकत नाहीत. मुलीचा जन्म घरी झालेला, आणि त्याची नोंद शाळेत घालताना केलेली. त्यामुळे कागदावर कुणाचे समाधान होईना. अशा वेळी नियम सरळ होता. मनगट आणि पंजा यांचा एक्स-रे काढायचा आणि हाडांच्या वाढीवरून मी मत द्यायचे.

“हे बघ बाळ,” घारपुरे म्हणाले, “तू नाही म्हणालीस, तर वय लपवलं असंच धरलं जातं. दोन वर्षं बंदी. हे मी ठरवत नाही, नियम ठरवतो.”

“चालेल,” प्रांजल म्हणाली.

“चालेल?” दत्ता लांडे उभेच राहिले. “अगं, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? उद्या फायनल, आणि चालेल म्हणती.”

“मला नाय खेळायची फायनल. घरी जाऊ, मामा.”

लांडे माझ्याकडे पाहत राहिले, मग घारपुऱ्यांकडे, मग जमिनीकडे. थोड्या वेळाने त्यांनी मला खुणेने बाहेरच्या व्हरांड्यात बोलावले.

“मॅडम,” ते हळू आवाजात म्हणाले, “एक विचारू? ही जन्मली त्या टायमाला मी सुरतेला होतो, कामाला. गावी आलो तर ही पोरगी चालत होती. ताई म्हणाली, वर्षाची झाली. मी कशाला विचारतोय, खरंच वर्षाची का? भावाला असलं सुचतं का?” त्यांनी मान खाली घातली. “आता सुचतंय.”

“तुमच्या बहिणीला वय कमी सांगून काय मिळणार होतं? तेव्हा भिंतही नव्हती.”

“ते पण खरंय. मग ही का घाबरली?”

“ठाऊक नाही.”

“हाडं खोटं नाय बोलत ना, मॅडम?”

“हाडं बोलतच नाहीत, लांडे. बोलतो आम्ही. आणि आम्ही वर्ष-दीड वर्ष इकडेतिकडे बोलतो. पण तेरा आणि सोळा यांत फरक करता येतो, एवढी खात्री देते.”

त्यांना या खात्रीने बरे वाटल्याचे दिसले नाही. तेही चूक नव्हते. दीड वर्षाची सूट असलेल्या उत्तरावर एका मुलीची दोन वर्षे टांगलेली होती, आणि बहिणीवरचा विश्वासही.

आम्ही आत आलो. घारपुरे मोबाइलवर कुणाला तरी “अजून ठरलेलं नाही” असे सांगत खिडकीशी उभे होते. मी मुलीसमोर स्टूल ओढून बसले. माझी एक सवय आहे: रुग्ण हो म्हणो वा नाही, आपण काय करणार ते मी आधी तपशीलवार सांगते. न सांगता मिळवलेला होकार माझ्या दृष्टीने होकार नसतो, आणि न ऐकता दिलेला नकार हा नकार नसतो.

“यंत्र त्या टेबलावर आहे,” मी म्हणाले. “तू शेजारी बसायचंस. डाव्या हाताची पट्टी सोडायची, पंजा पालथा ठेवायचा, बोटं जराशी फाकवायची. मी आत जाऊन बटण दाबीन. एवढंच.”

तिच्या दहाही बोटांना पांढरी पट्टी गुंडाळलेली होती. क्लायंबर मंडळी अशी पट्टी वापरतात, हे मला तोवर माहीत झाले होते.

“डावा?” तिने विचारले.

“डावा.”

“फक्त डावा?”

“जगभर डावाच घेतात. ज्या नमुन्यांशी तुलना करायची, ते सगळे डाव्या हाताचे आहेत.”

“उजवा नाय लागत?”

“उजव्याचं मला काही काम नाही.”

ती उठली. “चला मग,” म्हणाली.

घारपुऱ्यांनी मोबाइल कानावरून खाली घेतला. लांडे तोंड किंचित उघडे ठेवून भाचीकडे पाहत राहिले. काही क्षणांपूर्वी दोन वर्षांच्या बंदीला ‘चालेल’ म्हणणारी मुलगी आता यंत्राच्या टेबलाशी बसून डाव्या हाताची पट्टी सोडवत होती. उजव्या हाताने सोडवत होती, पण त्या हाताचे मधले बोट कामात घेत नव्हती. बशीतून चहा पिताना काही लोक करंगळी बाहेर ठेवतात, तसे ते बोट बाजूला ताठ राहिले होते.

डाव्या हाताचे चित्र पडद्यावर आले आणि मला फारसा विचार करावा लागला नाही. वाढत्या हाडाच्या टोकाशी कूर्चेचा एक पातळ थर असतो. एक्स-रेमध्ये तो काळ्या फटीसारखा दिसतो. वाढ संपली की फट भरून येते आणि हाड सलग होते. या पंजात प्रत्येक पेराच्या बुडाशी ती फट होती, स्वच्छ आणि अखंड. मनगटाशीही होती.

मी दोघांना बोलावून पडदा दाखवला. “बारा असेल, तेरा असेल, ताणून चौदा म्हणा. सोळा नाही.”

“लेखी?” घारपुऱ्यांनी विचारले.

“लेखी.”

लांडे बाकावर बसले. त्यांनी मोबाइल काढला आणि नंबर लावला. “हां, ताई. काय नाय गं, सहज. जेवली का? … नाय नाय, बरीये ती. पुढ्यातच हाय. … सहज केला म्हणतोय ना. भावानं सहज फोन करू नाय का?” फोन ठेवून त्यांनी रुमालाने मानेचा घाम पुसला. जानेवारीचा महिना होता.

घारपुरे निघण्याच्या तयारीत होते. तक्रारदाराला निकाल कळवायचा होता, दुसऱ्या दिवसाच्या फेरीची तयारी होती. प्रकरण नियमाने सुरू झाले आणि नियमाने संपले, यापेक्षा समाधानाची गोष्ट त्यांच्या लेखी नव्हती. माझेही काम झाले होते. पण निरीक्षण आणि निष्कर्ष यांच्यामध्ये काही शिल्लक राहिले, की मला स्वस्थ बसवत नाही. वय लपवणारी मुलगी ‘डावा’ या शब्दाने निर्धास्त होत नाही, कारण दोन्ही हात एकाच वयाचे असतात. मग ही कशाने झाली?

“घारपुरे, पाच मिनिटं थांबा,” मी म्हणाले. “लांडेंना घेऊन समोर चहा घ्या. मला हिच्याशी बोलायचंय.”

“मंडळातर्फे?”

“मंडळाचं काम संपलं.”

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले आणि लांडेंच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बाहेर नेले.

प्रांजल डाव्या बोटांना पुन्हा पट्टी गुंडाळत होती.

“डाव्या हाताला काही झालेलं नाही,” मी म्हणाले. “मग पट्टी कशाला?”

“सवय.”

“दहाही बोटांना?”

तिने पट्टीचे टोक दाताने तोडले.

“एकालाच बांधली असती, तर कुठलं दुखतंय ते मामांना कळलं असतं. म्हणून दहा. बरोबर?”

तिने पट्टीचा रोल टेबलावर ठेवला. “तुम्ही त्यांना सांगणार का?”

“आधी मला सांग. उजवं मधलं?”

“हं.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून. आधी नुसतं ठणकायचं. आता बोटं वाकवून भिंतीवरचा लहान होल्ड धरला, की डोळ्यांपुढं काजवे.”

मी तिचा उजवा हात मागितला. या वेळी तिने दिला. पट्टी सोडली, तर बोटाचा मधला सांधा सुजून जाड झालेला. सांध्याच्या वरच्या अंगाला मी अंगठा जेमतेम टेकवला आणि तिने श्वास आत ओढला.

“आणि तुला वाटलं, वयाचं निमित्त करून आम्ही हेच बघणार.”

“महासंघाच्या शिबिराला जाऊन आलेली मोठी पोरं सांगतात. एक्स-रे काढला की बोट दिसतं, आणि बोट दिसलं की शिबिराच्या यादीतून नाव कापतात. एकाचं कापलं मागच्या साली.”

“पण दोन वर्षांची बंदी तुला चालणार होती. हे मला समजत नाही.”

मला साधी गोष्टही समजत नाही, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिले. “बंदी स्पर्धेला असते, मॅडम. घरच्या भिंतीवर कोण बघायला येतंय? पण बोटाचं कळलं, तर मामा घरी पण चढू देणार नाय.”

विद्यापीठात तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसालाही या युक्तिवादात खोट सापडली नसती. तिला न पदक हवे होते, न क्रमांक, चढायचे होते. ते वाचवण्यासाठी ती राष्ट्रीय महासंघासमोर खोटारडी ठरायला तयार होती, आणि तिच्या आईलाही ठरवायला. फक्त दुसरी गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती. तिने आजवर भिंतीला दिलेले बोट भिंतीकडून तिला परत मिळेलच, याची हमी नव्हती.

“तुझ्या उजव्या हाताचा एक्स-रे काढायला मामांची परवानगी लागेल,” मी म्हणाले. “ती मी मागणार नाही. तू मागायचीस.”

“फायनल झाल्यावर मागते.”

“आत्ता.”

“एकच दिवस, मॅडम. उद्या दुपारी स्वतःहून येते. आईशप्पत.”

“उद्या दुपारी कदाचित मला करण्यासारखं काही उरणार नाही.”

ती उठून स्वतःच दारापर्यंत गेली आणि समोरच्या टपरीकडे पाहून तिने हाक मारली.

लांडे आले, मागोमाग घारपुरे.

“मामा, बोट दुखतंय.”

“कुठलं?”

“हे.”

“कधीपासनं?”

“दिवाळीपासनं.”

लांडेंनी तो हात आपल्या तळहातावर घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. “दिवाळीपासनं,” ते म्हणाले. “आणि मी तुला रोज नुसत्या बोटांवर लोंबायला लावत होतो. पाय न लावता.”

“तू विचारलंच नाय.”

“मी विचारलंच नाय,” त्यांनी तेच शब्द परत उच्चारले. नंतर माझ्याकडे वळून म्हणाले, “काढा, मॅडम. जे लागेल ते काढा.”

बोट आडवे धरून बाजूने चित्र घेतले. मधल्या पेराच्या बुडाशी, वरच्या कोपऱ्यात, तीच काळी फट होती. पण इथे ती सरळ राहिली नव्हती. तिच्यातून एक बारीक रेघ निघून सांध्यापर्यंत गेली होती आणि हाडाचा लहानसा कोपरा वेगळा झाला होता. वेगळा झाला होता, हलला मात्र नव्हता. मी ते दोनदा पाहिले, प्रकाश बदलून तिसऱ्यांदा पाहिले, आणि मग खुर्चीला पाठ टेकली. त्या दिवसात मला पहिल्यांदाच पाठ टेकावीशी वाटली.

“मोडलंय?” लांडेंनी विचारले.

“मोडलंय, पण जागेवर आहे. तीन-साडेतीन महिने या बोटावर काहीही भार नाही. मग पुन्हा एक्स-रे. बहुतेक पूर्ण भरून येईल. उद्या चढली असती, तर हा तुकडा सरकला असता, आणि मग बोट जन्मभर वाकडं राहण्याची शक्यता बरीच होती.”

घारपुरे पडद्याजवळ आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “ही तीच फट ना? डाव्या हातात तुम्ही दाखवलीत ती?”

“तीच. कच्चं हाड तिथंच तुटतं. मोठ्या माणसाच्या बोटाला ही इजा होतच नाही. तिथं तुटायला फटच उरलेली नसते.”

त्यांनी पडद्यावरच्या फटीवर बोट ठेवले. “म्हणजे तक्रारदार ज्या जाड बोटांवरून सोळा वर्षं म्हणत होता—”

“त्यांतलं हे बोट जाड झालं, कारण ही मुलगी लहान आहे. डाव्या हातावरून मी वर्ष-दीड वर्षाची सूट ठेवून बोलले. उजवा हात आधी दिला असता, तर तक्रारीचं कारणच तक्रारीचं उत्तर ठरलं असतं.”

लांडेंना यातले सगळे समजले असेल असे नाही, पण त्यांना पुरेसे समजले. “प्राजे,” ते म्हणाले, “तू जे लपवत होतीस ना, तेच तुझ्या बाजूनं साक्ष देत होतं बघ.”

प्रांजल पडद्याकडे पाहत नव्हती. ती घारपुऱ्यांकडे पाहत होती.

“उद्या नाय ना?” तिने विचारले.

“नाही,” मी म्हणाले.

“मग शिबिर पण नाय.”

“शिबिर का नाही?” घारपुरे म्हणाले.

“फायनल खेळली नाय, तर कसं घेणार?”

“नियम वाचलायस का?”

“नाय.”

“कुणीच वाचत नाही. मी लिहितो, छापतो, प्रत्येक संघाला पाठवतो, आणि मग शिबिरातली मोठी पोरं तोंडी पुराण सांगतात.” त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले. “नीट ऐक. अंतिम फेरीत पोहोचलेला खेळाडू दुखापतीमुळे उतरला नाही, तर त्याला त्या फेरीतला शेवटचा क्रमांक मिळतो. शेवटचा म्हणजे कितवा?”

“आठवा.”

“तुमच्या गटातून शिबिराला किती जणी?”

तिचे ओठ हलले, जणू ती उत्तर स्वतःशीच पुन्हा तपासत होती. “आठ.”

“मग?”

“पण त्या पोराचं नाव कापलं…”

“तो उपांत्य फेरीतच पडला होता. यादीत त्याचं नाव आलंच नव्हतं, कापणार काय? शिबिर जूनमध्ये आहे. मंजिरीताईंनी बोट बरं झाल्याचं लिहून दिलं, तर तू येशील. नाही दिलं, तर शिबिरात येऊन बसशील आणि बघशील. पण येशील.”

“आणि घरची भिंत?”

या प्रश्नाचे उत्तर घारपुऱ्यांच्या नियमावलीत नव्हते. सगळ्यांनी लांडेंकडे पाहिले.

“एका हातानं चढता येतं,” लांडे म्हणाले. “खाली गादी टाकून. मॅडम म्हणतील तेव्हापासनं.”

“पायांना काही झालेलं नाही,” मी म्हणाले. “लांडे, हिच्या पायांचं काम तुम्ही कधी घेतलंत?”

“बोटांतनं वेळ मिळाला तर ना.”

प्रांजल तेव्हा रडली. फार नाही; नाक पुसण्यापुरती. दिवाळीपासून एकटीने धरून ठेवलेली गोष्ट हातातून सुटल्यावर माणूस जेवढा रडतो, तेवढीच. मग तिने बोटाला लावायची पट्टी निळी मिळेल का, असे विचारले. मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्पर्धा पाहायला गेले. गेली दोन वर्षे मी या खेळाच्या मंडळावर होते आणि भिंत एकदाही पाहिली नव्हती. घारपुऱ्यांची अट तशी मी काटेकोर पाळली होती. मंडपात दुसऱ्या ओळीत प्रांजल आणि लांडे बसले होते. त्यांनी मला मध्ये जागा केली.

“मी फायनल पहिल्यांदाच बघतेय,” प्रांजल म्हणाली.

“तू तर याआधीही अंतिम फेरीत होतीस.”

“खेळताना बघू देत नायत. आपला नंबर येईपर्यंत आतल्या खोलीत बसवतात, फोन पण काढून घेतात. आधीच्यांचं बघून कुणी शिकू नये म्हणून. बाहेर आलं की समोर भिंत, आणि घड्याळ सुरू.”

पहिली मुलगी आली. भिंत वरच्या अंगाला आपल्याच दिशेने झुकलेली होती. मुलगी सहज चढत गेली, झुकावाच्या कडेशी पोहोचली, उजवा हात लांब केला आणि पडली. दोरीने तिला हवेत झेलले. दुसरी तिथेच पडली. तिसरी तिथे जरा जास्त वेळ लोंबकळली आणि पडली.

प्रांजल पुढे वाकून पाहत होती. तिचा डावा हात मांडीवर, न दिसणारे होल्ड धरत सरकत होता.

“मामा, तो होल्ड बघितला?”

“बघतोय.”

“भोक आहे. दोन बोटांचं.”

“हं.”

“उजव्याचं. मधलं बोट घातल्याशिवाय जमत नाय.”

लांडेंनी भिंतीवरची नजर काढली, स्वतःच्या चपलांकडे पाहत छातीतला सगळा श्वास हळूहळू बाहेर सोडला, आणि मग पुन्हा वर पाहिले.

चौथी मुलगी बाहेर आली. ही प्रांजलच्या नेहमीच्या स्पर्धेतली, उपांत्य फेरीत तिच्या लगोलग मागे असलेली. तीही कडेपर्यंत पोहोचली, आणि उजवा हात त्या भोकाकडे न्यायच्या आधी अडकली. मंडप शांत होता. तेवढ्यात प्रांजल उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पाय वर घे आधी. डावा पाय. पाय.”

वर लोंबकळणाऱ्या मुलीने ऐकले की नाही, सांगता येत नाही. पण तिने पाय वर घेतला, भोकात दोन बोटे घातली आणि पुढच्या होल्डवर गेली. मंडपात टाळ्या झाल्या.

पहिल्या ओळीतून घारपुरे वळले. “डुंबरे, खाली बस,” ते म्हणाले. “बाहेरून सूचना देणं नियमात बसत नाही.”

ती बसली. मग माझ्याकडे झुकून तिने हळूच विचारले, “मॅडम, हा नियम खरंच आहे, का ते असंच म्हणतायत?”